सिंहासनाचा घरजावई

'घरजावई' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या ओठांच्या कोपऱ्यात बारीकसं हसू येतं. मुलगा नाही, एकच मुलगी, शेतीवाडी बरी. मग सासरा जावयालाच घरी आणून बसवतो. जावई शेत कसतो, बैल जुंपतो, गावकीच्या बैठकीत पुढे बसतो. पण सातबाऱ्यावर नाव बायकोचं. भावकी हे एक क्षणही विसरत नाही आणि जावयालाही विसरू देत नाही. उद्या बायकोच गेली तर याने इथे राहायचं कोणत्या हक्काने?

आता शेतीच्या जागी राज्य ठेवा, भावकीच्या जागी चिलखतातले सरदार, आणि बांधापलीकडचा शेजारी म्हणून सुलतान सलाहुद्दीन. बाराव्या शतकातल्या जेरुसलेमच्या ख्रिस्ती राज्याची ही जवळपास तंतोतंत स्थिती होती.

११९२ च्या एप्रिलमध्ये या राज्याच्या सरदारांनी कॉनराड नावाच्या एका इटालियन उमरावाला राजा म्हणून निवडलं. त्याच्या अंगात जेरुसलेमच्या राजघराण्याचं रक्त नव्हतं. जेरुसलेम शहर तर सलाहुद्दीनच्या ताब्यात होतं. कॉनराडची आधीची बायको कॉन्स्टँटिनोपलमध्ये आहे, असं त्याचे विरोधक ओरडून सांगत होते. आत्ताच्या बायकोचा पहिला नवरा हयात होता आणि त्याच छावण्यांमधून वावरत होता. शिवाय रीतसर अभिषेक झालेला एक राजाही जिवंत होता. एवढं सगळं असून मत पडलं ते कॉनराडच्याच बाजूने, तेही एकमुखाने. हे कसं घडलं हे समजायचं तर त्या काळी राजमुकुट एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर कसा जायचा, ते पाहावं लागतं.

जमीन थोडी, सोयरीक मोठी

इटलीच्या वायव्येला, पो नदीच्या दक्षिणेला द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांचा प्रदेश आहे. त्याचं नाव मोनफेरातो. तिथल्या वाईनचं आज जगभर नाव आहे. बाराव्या शतकात इथे मार्क्विस पदवीचं एक घराणं नांदत होतं. 'मार्क' म्हणजे सरहद्दीचा मुलूख, आणि मार्क्विस म्हणजे त्या सरहद्दीचा रखवालदार. पुढे सरहद्द सरकली, पदवी मात्र वंशपरंपरेने तशीच राहिली. आपल्याकडेही पाटीलकी गेली तरी 'पाटील' राहिलेच की.

या घराण्याचा प्रमुख थोरला विल्यम. त्याचा मुलूख बेताचा, पण बायको ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातली. जर्मनीच्या राजाची सावत्र बहीण. त्यामुळे सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा हा विल्यमच्या मुलांचा मामेभाऊ लागे. मुलगे पाच. एक धर्मसेवेत जाऊन बिशप झाला. उरलेल्या चौघांना टेकड्यांचा तुकडा वाटून किती येणार? अशा घराण्यापाशी एकच नाणं असतं: उंच कुळातला, लढवय्या, लग्नाचा मुलगा.

ते नाणं त्यांनी पूर्वेकडच्या बाजारात चालवलं. थोरला भाऊ 'लांब तलवारीचा' विल्यम ११७६ साली जेरुसलेमच्या राजकन्येशी, सिबिलाशी लग्न करून तिथला भावी राजा व्हायला गेला आणि काही महिन्यांतच आजारपणात वारला. धाकटा रेनिए बायझंटाइन सम्राटाचा जावई झाला. सम्राटामागे गादीसाठी जी कापाकापी झाली तीत तो आणि त्याची बायको दोघंही ११८३ मध्ये मेली, बहुधा विषाने. दोन जावई पाठवले, दोघंही गेले. एखाद्या घराने एवढ्यावर कानाला खडा लावला असता.

तरीही ११८७ मध्ये तिसरा निघाला, तो आपला कॉनराड. चाळिशीतला, देखणा, भाषा जाणणारा, आणि इटलीत खुद्द जर्मन सम्राटाच्या आर्चबिशप-सेनापतीला पकडून कैदेत टाकल्यामुळे गाजलेला. कॉन्स्टँटिनोपलला त्याचं लग्न नव्या सम्राटाच्या बहिणीशी, थिओडोराशी झालं. सम्राटाविरुद्ध ब्रानास नावाच्या सेनापतीने बंड पुकारलं, तेव्हा मधली फळी कॉनराडने सांभाळली. नीकेटास या ग्रीक इतिहासकाराने त्याचं त्या दिवशीचं चिलखत नोंदवून ठेवलंय: लोखंडाऐवजी तागाच्या कापडाचे अठराहून अधिक पदर, खारवलेल्या वाईनमध्ये भिजवून कडक केलेले. ब्रानास घोड्यावरून पडला आणि कॉनराडच्या माणसांनी त्याचं मुंडकं उतरवलं.

विजय मिळाला, पण कॉन्स्टँटिनोपलात परदेशी लोकांबद्दल जहर पसरलेलं. कॉनराड बायकोला मागे ठेवून जहाजात बसला आणि पॅलेस्टाइनकडे निघाला.

मुलगी वारस, तलवार जावयाची

जेरुसलेमचं राज्य पहिल्या धर्मयुद्धात, १०९९ मध्ये, उभं राहिलं. त्याचा पाया होता जहागिरी: राजा जमीन देणार, त्या बदल्यात जहागीरदार ठरलेल्या संख्येने घोडेस्वार घेऊन लढायला येणार. जहागीर म्हणजे अशा रीतीने जमीन कमी आणि नोकरीचा करार जास्त. जहागीरदाराला मुलगा नसेल तर मुलगी वारस व्हायची, याला फारशी कोणाची हरकत नसे. पण घोड्यावर बसून सैन्य नेणार कोण? म्हणून वारस मुलीला नवरा हवाच, आणि तिचा नवरा कोण असावा यात वरिष्ठांचा शब्द चाले.

राजगादीचंही तेच. ११३१ मध्ये मेलिसेंद राणी झाली, ती बापाच्या हक्काने. तिचा फ्रेंच नवरा फुल्क राजा झाला, तो बायकोच्या हक्काने. या सगळ्यावर मोहोर उठवायची ती सरदारांच्या सर्वोच्च सभेने. ही सभा शोभेची नव्हती. ११६३ मध्ये अमाल्रिकला गादी हवी होती, तेव्हा सभेने अट घातली की आधी बायको सोड. त्याने सोडली. मुलं मात्र औरस मानली गेली. त्यातली थोरली सिबिला आणि तिचा भाऊ बाल्डविन. दुसऱ्या बायकोपासून अमाल्रिकला झालेली मुलगी इसाबेला. पुढची सगळी लढाई या दोन सावत्र बहिणींभोवती फिरते.

बाल्डविन नऊ वर्षांचा असताना मुलं एकमेकांच्या दंडाला नखं खुपसण्याचा खेळ खेळत होती. बाकीची ओरडत, बाल्डविन गप्प. त्याच्या शिक्षकाला आधी पोराच्या सोशिकपणाचं कौतुक वाटलं. मग लक्षात आलं की मुलाच्या उजव्या हाताला काही जाणवतच नाही. कुष्ठरोगाची ती पहिली खूण होती. हा शिक्षक पुढे टायरचा आर्चबिशप आणि त्या काळाचा मोठा इतिहासकार झाला, म्हणून हा प्रसंग आपल्याला कळतो.

तर राजा कुष्ठरोगी, म्हणजे त्याला मूल होणार नाही. सिबिलेसाठी स्थळ शोधणं हे राज्याचं पहिलं काम होऊन बसलं. पहिलं स्थळ कॉनराडचा थोरला भाऊ. तो गेला तेव्हा सिबिला गरोदर होती. दुसरं स्थळ ११८० मध्ये ठरलं: फ्रान्समधल्या प्वातू प्रांतातला गी द लुझिन्याँ. तो देखणा होता असं म्हणतात. सरदारांना तो डोळ्यासमोर नको होता.

कुष्ठरोगी बाल्डविन वारला, पाठोपाठ त्याच्यामागे गादीवर बसलेला सिबिलेचा लहान मुलगा, विल्यमपासून झालेला, तोही ११८६ मध्ये गेला. असं झालं तर दोघी बहिणींपैकी कोण, हे पोप, जर्मन सम्राट आणि इंग्लंड-फ्रान्सचे राजे यांनी ठरवायचं, असा करार आधीच झाला होता. चार पंच, चौघंही समुद्रापार, आणि निरोप जायला-यायला महिने. सिबिलेने थांबायचं नाही असं ठरवलं. तिच्या बाजूचे लोक म्हणाले, गीला सोडशील तरच मुकुट. ती म्हणाली, सोडते, पण पुढचा नवरा मी निवडणार. बरं म्हणाले. मुकुट डोक्यावर आला, तिने सभोवार पाहिलं आणि निवडलेल्या नवऱ्याच्या डोक्यावर दुसरा मुकुट ठेवला. तो नवरा गीच होता! या सबंध इतिहासात स्वतःच्या लग्नाचा निर्णय स्वतः घेतलेली बाई मला ही एकच दिसते.

विरोधी सरदारांनी मग धाकट्या इसाबेलेच्या नवऱ्याला, तरुण हम्फ्रीला, राजा करायचं ठरवलं. हम्फ्री रातोरात घोड्यावर बसला आणि थेट सिबिलेपुढे जाऊन शरण गेला. त्याला राजा व्हायचं नव्हतं. पुस्तकं वाचणारा, अरबी उत्तम बोलणारा माणूस. त्याची ही भीती, किंवा शहाणपण, सरदार कधीही विसरले नाहीत.

चौकट: नात्यांचा गुंता

सिबिला: अमाल्रिकच्या पहिल्या बायकोची मुलगी. नवरे: कॉनराडचा भाऊ विल्यम, मग गी.

इसाबेला: अमाल्रिकच्या दुसऱ्या बायकोची मुलगी, जन्म ११७२. नवरे: हम्फ्री, कॉनराड, शॅम्पेनचा हेन्री, आणि शेवटी गीचा भाऊ एमेरी.

कॉनराड: सिबिलेचा दीर, नंतर तिच्या सावत्र बहिणीचा नवरा.

इंग्लंडचा रिचर्ड: प्वातू प्रांत त्याचा, म्हणून तिथून आलेल्या गीच्या पाठीशी.

फ्रान्सचा फिलिप: कॉनराडचा नातलग, म्हणून कॉनराडच्या पाठीशी.

सात आणि बारा

४ जुलै ११८७ रोजी हत्तीनच्या माळावर, पाण्यावाचून तडफडणाऱ्या ख्रिस्ती सैन्याचा सलाहुद्दीनने पुरता फडशा पाडला. गी कैद झाला. नातवाच्या राज्याकडे पाहायला आलेला कॉनराडचा म्हातारा बापही कैद झाला. किल्ले आणि बंदरं एकापाठोपाठ एक पडू लागली.

यातलं काहीच ठाऊक नसलेला कॉनराड दहाएक दिवसांनी अक्का बंदरासमोर आला. जहाज आलं की तिथे घंटा वाजवायची पद्धत होती. घंटा वाजली नाही. बंदरावरचा अधिकारी होडीतून चौकशीला आला, तो सलाहुद्दीनचा माणूस निघाला. कॉनराडने क्षणात ओळखलं, आपण व्यापारी आहोत असं सांगून वेळ काढली आणि वारा मिळताच उत्तरेला टायरकडे निसटला.

टायर (आजच्या लेबनॉनमधलं सूर) मुळात बेट होतं. अलेक्झांडरने ते जिंकताना समुद्रात भराव टाकला आणि बेट जमिनीला चिकटलं. तीन बाजूंना पाणी, चौथीकडे चिंचोळी मान, त्या मानेवर तट. सुरईचं तोंड बुचाने बंद करावं तसं शहर बंद करता येई. समुद्रावर पिसा, जिनोआ, व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची जहाजं, म्हणजे धान्यही येणार आणि माणसंही. त्यात सलाहुद्दीनच्या उदारपणाने भर घातली: जिंकलेल्या गावांतल्या शिबंदीला तो जिवंत सोडून देई आणि ते सगळे टायरला येऊन गोळा होत. इब्न अल-असीर या अरब इतिहासकाराने यावरून सुलतानाला पुढे चांगलंच बोल लावलेत. या जमावाला फक्त प्रमुख नव्हता. शहर देऊन टाकण्याची बोलणी चालू होती. सुलतानाची निशाणं तटावर लावायला आलीही होती आणि कॉनराडने ती खंदकात भिरकावली, अशी कथा आहे.

त्याने खंदक खोल केला, तट दुरुस्त केले, आणि इटालियन व्यापाऱ्यांना जकातीची माफी, स्वतःच्या वखारी, स्वतःची न्यायालयं अशी सनदांवर सनदा लिहून दिल्या. हिशेब सरळ होता. व्यापारी आले की जहाजं येतात, जहाजांतून धान्य आणि शिपाई येतात. सनद लिहायला पैसे लागत नाहीत. आणि जो मुलूख अजून हातात नाही त्यातल्या सवलतीही देता येतात!

नोव्हेंबरमध्ये सलाहुद्दीन स्वतः वेढा घालायला आला. त्याने कैदेतल्या म्हाताऱ्या विल्यमला तटासमोर आणून उभं केलं: शहर दे, बाप घे. कॉनराडने म्हणे आडधनुष्य उचललं आणि सांगितलं की म्हातारा पुरेसा जगलाय, माझा बाण पहिला लागेल. सुलतानाने म्हाताऱ्याला मारलं नाही. पुढे सोडूनही दिलं. डिसेंबरअखेर कॉनराडने सुलतानाची काही गलबतं बंदरात ओढून पकडली आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीला वेढा उठला. अरब इतिहासकार त्याला नुसतं 'अल-मर्कीस' म्हणतात, आणि शिव्या देतानाही त्याच्या हुशारीची कबुली देतात.

आता सातबारा समोर धरा. हा एकच कागद असला तरी त्यात दोन नमुने असतात. गाव नमुना सातवर मालकी आणि हक्क, नमुना बारावर पिकं, म्हणजे जमिनीत प्रत्यक्ष काय चाललंय ते. ११८८ मध्ये गी सुटून टायरच्या दरवाजाशी आला तेव्हा 'सात'वर नाव त्याचं होतं: राजा, अभिषिक्त. 'बारा'त मात्र कॉनराडची कसणूक. कॉनराडने दार उघडलं नाही. हे शहर मी समुद्रापारहून येणाऱ्या राजांसाठी राखून ठेवलंय, निवाडा तेच करतील, असं उत्तर दिलं. उत्तर हुशारीचं होतं. स्वतःसाठी काही मागायचं नाही, आणि समोरच्याला काही द्यायचंही नाही.

ज्याच्याकडे राज्य नाही त्या राजाने काय करावं? गीने एक वेडं धाडस केलं. ११८९ च्या ऑगस्टमध्ये मूठभर लोकांनिशी तो अक्का शहराला वेढा घालून बसला. सलाहुद्दीनने बाहेरून गीला वेढलं. वेढ्याला वेढा! तो पावणेदोन वर्षांहून अधिक चालला.

छावणीतलं लग्न

त्या वेढ्यात तलवारीपेक्षा रोगराईने जास्त माणसं नेली. ११९० मध्ये सिबिला आणि तिच्या दोन्ही लहान मुली छावणीतच गेल्या. गीच्या हक्काचा खांबच मोडला. बायको नाही, मुलं नाहीत. तो आता काय म्हणून राजा? त्याचं उत्तर असं: अभिषेक पुसता येत नाही. ते अगदीच पोकळही नव्हतं, कारण पवित्र तेलाने अभिषेक झालेला राजा हा त्या काळी निम्मा धर्मपुरुष मानला जाई. पण सरदारांच्या हिशेबाने वारसा आता सरळ धाकट्या बहिणीकडे गेला. आणि तिचा नवरा होता हम्फ्री, रात्रीतून पळालेला.

म्हणजे इसाबेलेला नवा नवरा हवा होता. तिची आई आणि सावत्र बाप बालिअन यांनी तिच्यामागे टुमणं लावलं. पळवाट तयार होती: ११८३ मध्ये लग्न झालं तेव्हा मुलगी ११ वर्षांची होती आणि चर्चच्या कायद्यात मुलीच्या संमतीचं वय १२. सबब लग्न झालंच नाही. इसाबेला अठरा वर्षांची होती आणि तिला हम्फ्री आवडत होता. तिला तंबूतून उचलून आईकडे ठेवण्यात आलं, रोज समजावण्यात आलं. हम्फ्री म्हणाला, तिची संमती होती. तेव्हा एका फ्रेंच उमरावाने द्वंद्वाचं आव्हान म्हणून हातमोजा त्याच्यापुढे टाकला. हम्फ्रीने तो उचलला नाही. बहुतेक इतिहासकार त्याला इथे भित्रा म्हणून मोकळे होतात. मला तसं वाटत नाही. भर छावणीत, सगळा दरबार विरुद्ध असताना, त्या हातमोज्याने त्याच्या बायकोची इच्छा सिद्ध होणार होती थोडीच!

कॉनराडच्या बाजूनेही अडचणी होत्या. एक तर थिओडोरा. दुसरं म्हणजे त्याच्या भावाचं लग्न इसाबेलेच्या बहिणीशी झालेलं. आपल्याकडे दोन बहिणी दोन भावांना दिल्या तर लोक कौतुक करतात, पण तेव्हाच्या चर्चला हे नातंही निषिद्ध वाटे. कँटरबरीच्या आर्चबिशपने कडाडून विरोध केला. तो १९ नोव्हेंबरला आजारपणात वारला. पोपचा प्रतिनिधी असलेल्या पिसाच्या आर्चबिशपने मान्यता दिली. २४ नोव्हेंबर ११९० रोजी बोव्हेच्या बिशपने लग्न लावलं. नवरा-नवरी लगेच टायरला निघून गेली. इसाबेलेने जाण्याआधी एक काम केलं: हम्फ्रीला त्याच्या वाडवडिलांची जहागीर परत दिली.

'सात' आणि 'बारा' आता एका घरात आले होते. राहिला होता फेरफार, म्हणजे अधिकाऱ्याची सही.

तहहयात राजा

सही करणारे दोन साहेब ११९१ मध्ये पोचले. फ्रान्सचा फिलिप एप्रिलमध्ये, इंग्लंडचा रिचर्ड जूनमध्ये. दोघांचं आपसांत पटत नव्हतं, म्हणून इथल्या भांडणात एकेक बाजू त्यांनी पाहून घेतली. पिसाचे व्यापारी गीकडे, जिनोआचे कॉनराडकडे. १२ जुलैला अक्का पडलं आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला तडजोड झाली: गीने मरेपर्यंत राजा राहायचं, त्याच्यामागे कॉनराड आणि इसाबेला, उत्पन्न निम्मं-निम्मं. कॉनराडला टायर, सैदा आणि बैरुत मिळाली. यातली शेवटची दोन शहरं सलाहुद्दीनच्याच हातात होती, ती ज्याची त्याने जिंकून घ्यायची.

घरातल्या वाटण्या केलेल्या कोणालाही कळेल की अशी तडजोड टिकत नाही. ती दोघांना एकमेकांच्या मरणाची वाट पाहायला लावते. फिलिप फ्रान्सला परतला. कॉनराड रिचर्डच्या मोहिमेपासून दूर राहिला आणि त्याने गुपचूप सलाहुद्दीनशी बोलणी सुरू केली. त्याच वेळी रिचर्डचीही सलाहुद्दीनशी बोलणी चालली होती. त्याचा दुभाषा होता हम्फ्री. सुलतान दोघांचेही दूत आदराने बसवून घेई.

मग ११९२ च्या वसंतात रिचर्डला निरोप आला की मागे इंग्लंडमध्ये भाऊ जॉन गडबड करतोय. परतायचं तर इथे एकच राजा हवा होता. त्याने सरदारांना विचारलं: गी की कॉनराड? गीला एकही मत पडलं नाही. रिचर्डने आवंढा गिळला आणि होकार दिला. गीच्या वाट्याला सायप्रस बेट आलं, जे रिचर्डने येताना वाटेत जिंकून टेम्पलर या धर्मयोद्ध्यांच्या संघाला विकलं होतं. बातमी टायरला पोचली तेव्हा कॉनराडने आकाशाकडे हात जोडले म्हणे: देवा, मी लायक नसेन तर मला राजा होऊ देऊ नकोस.

आंघोळ लांबली

२८ एप्रिल ११९२. इसाबेला गरोदर होती. ती स्नानाला गेली, यायला वेळ लागला. भूक लागलेला कॉनराड ज्याने लग्न लावलं त्या बोव्हेच्या बिशपकडे जेवायला निघाला. बिशपचं जेवण उरकलं होतं. मी घरीच खातो म्हणून कॉनराड परत फिरला. अरुंद गल्लीत साधूंच्या वेषातले दोन ओळखीचे लोक भेटले. एकाने पत्र पुढे केलं. ते घ्यायला तो वाकला आणि सुरे लागले.

मारेकरी सीरियातल्या निझारी इस्माइलींपैकी होते. त्यांचा तिथला नेता रशीदुद्दीन सिनान, युरोपीय लोकांच्या बोलण्यातला 'डोंगरावरचा म्हातारा'. अनेक बलाढ्य शत्रूंच्या मधे सापडलेल्या या छोट्या पंथाकडे मोठं सैन्य नव्हतं, म्हणून महत्त्वाचा माणूस हेरून मारणं हे त्यांचं हत्यार झालं होतं. भांग पाजून मारेकरी तयार करण्याच्या कथा बहुतांशी त्यांच्या शत्रूंनी पसरवलेल्या आहेत. याच निझारी परंपरेचे इमाम म्हणजे आजचे आगा खान. पहिले आगा खान इराणहून १८४० च्या दशकात मुंबईत स्थायिक झाले. त्यांची कबर माझगावला आहे. आपण पाहतो तो पुण्याचा आगा खान पॅलेस त्यांच्या नातवाने १८९२ मध्ये बांधला. मुंबई उच्च न्यायालयात १८६६ मध्ये त्यांच्या इमामतेचा खटला उभा राहिला तेव्हा निकालपत्रात या पंथाच्या जुन्या इतिहासाची पानंच्या पानं आली. 

सुपारी दिली कोणी? एका मारेकऱ्याने छळाखाली रिचर्डचं नाव घेतलं असं सांगतात. इब्न अल-असीर सलाहुद्दीनकडे बोट दाखवतो. काही म्हणतात कॉनराडने पंथाचं मालवाहू जहाज लुटलं होतं, त्याचा हा सूड. हम्फ्रीलाही कारण होतं. कोणत्याही न्यायालयात टिकेल असा पुरावा कोणाविरुद्धच नाही. परतीच्या वाटेवर रिचर्डला ज्याने डिसेंबरमध्ये व्हिएन्नाजवळ पकडलं, तो ऑस्ट्रियाचा लिओपोल्ड कॉनराडचा सख्खा मामेभाऊ होता. रिचर्डवरच्या आरोपांत हा खूनही होता. सुटकेची किंमत ठरली दीड लाख मार्क चांदी.

पोटातला वारस

टायरच्या किल्ल्या फ्रेंच सेनापतीने मागितल्या. इसाबेलेने दिल्या नाहीत. दरम्यान शॅम्पेनचा तरुण काउंट हेन्री शहरात आला. तो रिचर्ड आणि फिलिप दोघांचाही भाचा, त्यामुळे कोणाचीच हरकत नव्हती. लोकांनी त्याचंच नाव घेतलं. हेन्री कचरत होता, आणि त्याचं गणित चुकीचं नव्हतं: पोटातलं मूल मुलगा झाला तर राज्य त्याचं, आपण नुसते पालक. ५ मे रोजी, वैधव्याच्या आठव्या दिवशी, इसाबेलेचं तिसरं लग्न लागलं. अरब लेखकांना याचा धक्का बसला. हेन्रीने 'राजा' ही पदवी कधी लावली नाही. पाच वर्षांनी अक्कामध्ये तो खिडकीतून पडून मेला. मग तिचं चौथं लग्न झालं गीच्या भावाशी, एमेरीशी. १२०५ मध्ये दोघंही वारली. तेव्हा इसाबेला तेहतिशीच्या आसपास होती.

कॉनराडला मुलगा नव्हे, मुलगी झाली: मारिया. तेराव्या वर्षी ती राणी झाली, विशीत एका मुलीला जन्म देऊन गेली. या नातीचं लग्न १२२५ मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकशी झालं. लग्न लागताच फ्रेडरिकने सासऱ्याला सांगितलं की तुमचं राजेपण बायको आणि मुलीच्या जिवावर होतं. ते आता माझ्याकडे आलं. १२२८ मध्ये फ्रेडरिकचीही बायको बाळंतपणात वारली आणि हक्क गेला पाळण्यातल्या बाळाकडे. फ्रेडरिक मग गीच्या जागी येऊन बसला. पुढच्याच वर्षी त्याने तह करून जेरुसलेम मिळवलं आणि तिथे मुकुट चढवला, तरी सरदारांच्या लेखी तो आता फक्त त्या बाळाचा पालक होता. बाळाचं नाव कॉनराड.

त्या कॉनराडचा मुलगाही कॉनराड, धाकला म्हणून कॉनराडिन. वडिलोपार्जित सिसिलीच्या गादीसाठी लढून हरला आणि १२६८ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, नेपल्सच्या चौकात त्याचा शिरच्छेद झाला. टायरच्या मार्क्विसची राजशाखा तिथे खुंटली. जेरुसलेमचा मुकुट फिरून इसाबेलेच्या दुसऱ्या शाखेकडे गेला, सायप्रसच्या ह्यू राजाकडे. तो तिचा पणतू. आडनाव त्याने आजोळचं लावलं होतं: लुझिन्याँ. १२६९ मध्ये त्याचा राज्याभिषेक टायरमध्येच झाला. आठ दशकांपूर्वी गी द लुझिन्याँ ज्या शहराच्या दारातून परत गेला होता, ते हेच.